विश्वासू गवंड्याची तहकीकात

माणसाची पारख करण्याची विद्या प्रत्येकाला उपजत असते. म्हणूनच जगात फसलेली माणसं इतक्या मोठ्या प्रमाणावर आढळतात.

ताडकळसच्या ईश्वरअप्पांना मात्र ती उपजत नव्हती. त्यांनी ती तहसील कचेरीत एकतीस वर्षं पेशकारी करून कमावली होती. पेशकार म्हणजे तहसीलदारापुढे कागद ठेवणारा माणूस. अप्पा कागद ठेवत, तहसीलदार दस्तखत करत आणि सरकार चालत असे. (अप्पांमुळेच चालत असे, असं अप्पांचं मत होतं. सरकारचं मत मिसलीत, म्हणजे कचेरीच्या फायलीत, सापडत नाही.)

वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, निघून त्यांना वर्ष झालं होतं. निजामी सन १३४७ फसलीच्या, इंग्रजी १९३८च्या, खुर्दाद महिन्यात, म्हणजे ऐन चैत्रात, घरात एक गंभीर बाब उपस्थित झाली. लेक चन्नबसम्मा पहिल्या बाळंतपणाला येणार होती. दिवस आषाढात भरत होते. बाळंतिणीजोगी आडोशाची खोली घरात एकच, आणि तिचं माळवद, म्हणजे तुळयांवर पांढरी माती दाबून केलेलं सपाट छत, मागच्या पावसाळ्यात सात ठिकाणी गळलं होतं. (आठव्या जागेबद्दल मतभेद आहेत. तिथं अप्पा झोपत, आणि त्यांना जाग आली नव्हती.)

"आषाढाच्या आत खोली कोरडी पायजे," नीलम्मांनी नवऱ्याला बजावलं. "गावातच वीरुपाक्ष गुत्तेदार हाय, बांधकामं घेतोय. लावा त्याला उद्यापासून."

"उद्यापासून? अगं, काम कुनीबी करतंय. माणूस विश्वासू पायजे. त्याची तहकीकात नको का?"

"तहकीकात करा, पन पाऊस थांबत नसतो तुमच्या कागदासाठी."

अप्पांनी कोरा ताव घेतला आणि तत्त्व निश्चित केलं. गवंड्याला विचारून उपयोग नाही. तो खोटं बोलतो. गिऱ्हाइकाला विचारून उपयोग नाही. त्याला लाज वाटते. खरं बोलतं ते एकट्या गवंड्याचं स्वतःचं घर. जो लोकांचा चुना, दगड, सागवान घरी नेतो, त्याचं घर उत्तम असणार. सबब, ज्याचं घर उत्तम नाही, तो काही नेत नाही. (ज्यांना शंका येईल त्यांनी हे पुन्हा वाचावं. अप्पांनी तीनदा वाचलं, आणि दर वेळी त्यांना ते अधिक पटलं.)

पहिली पाहणी वीरुपाक्षची. दोन मजले, दगडी कमान, खिडक्या नऊ, गळती शून्य. वीरुपाक्षनं चहा दिला, वरपर्यंत फिरवलं. अप्पांनी शेरा मारला: 'नऊ खिडक्या. नऊ घरं अंधारात असावीत.' नामंजूर.

दुसरा बोरीचा मुंजाजी. चारपैकी एक भिंत दगडी, बाकी तीन मातीच्या. शेरा: 'पाव चोर. उरलेल्या तीन भिंती आमच्या कामावर उभ्या राहण्याचा संभव.' नामंजूर.

तिसरा चारठाण्याचा आश्रुबा. बैलगाडीनं तिथं पोचायला वाटेत दोन मुक्काम पडले. आश्रुबाच्या घराला छप्पर नव्हतं. दार होतं, पण ते भिंतीच्या आधारानं उभं होतं, आणि भिंत दाराच्या. अप्पांचे डोळे भरून आले. एकतीस वर्षांच्या नोकरीत इतका स्वच्छ पुरावा त्यांच्यापुढे आला नव्हता.

"मालक, म्या हिरी बांधतो," आश्रुबा म्हणाला. "माळवद मला जमत न्हाई."

"बघा, हे दुसरा कोन बोलंल?" अप्पा गाडीवानाला म्हणाले, आणि तावावर लिहिलं: 'स्वतःहून कबुली. सचोटी सोळा आणे.'

"आन् काम?" घरी आल्यावर नीलम्मांनी विचारलं.

"ते बी करंल की."

आश्रुबा आला. (राहतं घर सोडून येण्याची त्याला अडचण नव्हती.) असा गवंडी ताडकळसनं पाहिला नव्हता. सकाळी पहिला, संध्याकाळी शेवटचा. चुन्याची चिमूट इकडची तिकडं नाही. उरलेले अकरा खिळे त्यानं फडक्यात बांधून परत केले, त्यातला वाकडा सरळ करून. छताला त्यानं विहिरीला घालतात तसा चुन्याचा घोटीव गिलावा दिला, भोवती गुडघाभर कठडा बांधला, आणि पाणी खाली जायची पन्हळ काही ठेवली नाही, कारण विहिरीला पन्हळ नसते.

आषाढ आला, चन्नबसम्मा आली, आणि पाऊस तीन दिवस लागून राहिला. खोलीत थेंब नाही. अप्पा दर दोन तासांनी नोंद करत: 'गळती, निरंक.' तिसऱ्या दिवशी माळवदावर बगळा उतरला. अप्पांनी तोही नोंदवला, शेरा न मारता.

दुपारी मधली तुळई कण्हली आणि वीतभर खाली आली. चन्नबसम्माला कळा सुरू झाल्या होत्या. नीलम्मांनी नवऱ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. लेकीला दंडाला धरलं आणि चिखलातून सरळ वीरुपाक्षच्या घरात नेलं. त्या कोरड्या घरात, नऊ खिडक्यांच्या उजेडात, दिवस मावळायच्या आत नात झाली. दोघी सुखरूप.

वीरुपाक्षनं पहार घेऊन अप्पांच्या कठड्याला भोक पाडलं. अर्धा घंटा पाणी वाहत होतं. खाली अप्पा छत्री धरून उभे होते.

"अप्पा," वीरुपाक्ष म्हणाला, "तुमी चैतात घर बगाया आलते, तवा मला वाटलं, बाळंतपनासाठीच बघायलेत."

रात्री अप्पांनी मिसल बंद करायला घेतली. तहकीकात चुकली असं लिहायला तिच्यात रकानाच नव्हता. म्हणून त्यांनी लिहिलं: 'सदर इसम अत्यंत विश्वासू. खिळे परत. गळती निरंक.' त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. पुढं आश्रुबाबद्दल विचारायला लांबून माणसं येऊ लागली, आणि अप्पा तो कागद त्यांना अभिमानानं दाखवत. निदान तीन जणांनी त्याला छतासाठी नेल्याचं कळतं.

अप्पांना हसणाऱ्या सुज्ञ वाचकांनी आपल्या घराचं काम ज्याला दिलं, त्याला का दिलं, ते जरा आठवावं. 'माणूस बोलायला बरा वाटला', एवढंच ना? अप्पा निदान तीन घरं पाहून आले होते.