खापराच्या पोटाचं माप

डोळ्यांच्या डॉक्टरांनी प्रमिलाबाईंना स्पष्टच सांगितलं, "चुलीचा धूर बंद करा, नाहीतर पोळ्या बंद करा. दोन्ही चालू ठेवलं तर डोळे बंद होतील." आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आलेली, मातीच्या खापरावरच्या पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेऊन झालेल्या. शहाद्यातल्या या बाईंना पोळ्यांवाचून करमतही नसे. म्हणून त्यांचे यजमान छगनभाऊ त्यांना घेऊन इलेक्ट्रिक तवा निवडायला निघाले. निघण्याआधी त्यांनी खापराचं तोंड सुतळीने मापून घेतलं. माप घेतल्याशिवाय ते बनियनसुद्धा विकत घेत नसत.

अनीसभाईंच्या दुकानात हॉटेलांची यंत्रं होती. मधोमध तो तवा होता, सपाट आणि चकचकीत. छगनभाऊंना त्यात स्वतःची मिशी दिसली आणि त्यांनी नकळत चपला काढल्या.

"धूर?" त्यांनी हळूच विचारलं.

"नही निंघत, छगनभाऊ."

"राख?"

"लाकूडच नही तर राख कशानी?" अनीसभाईंनी बटण फिरवलं. लाल दिवा लागला.

"या माय!" म्हणत छगनभाऊंनी हात जोडले. सुतळी लावून पाहिली, तर चार बोटं जागा उरली. पसंती झालीच.

पण प्रमिलाबाई पुरणाचा डबा आणि भिजवलेली कणीक सोबत घेऊन आल्या होत्या. "पह्यले एक पोळी करी देखू," त्या म्हणाल्या.

खापरावरची पोळी हातांवर वाढवतात. प्रमिलाबाईंनी पुरण भरलेला गोळा जरासा थापला आणि दोन्ही हातांवर झुलवायला सुरुवात केली. तो तळव्यांवरून मनगटांवर गेला, मनगटांवरून कोपरांपर्यंत पसरला, पण कुठे फाटला नाही. यंत्रांची तारीफ करण्यात हयात गेलेल्या अनीसभाईंचं तोंड उघडंच राहिलं.

पोळी तव्यावर पडली आणि चारी बाजूंनी खाली लोंबली. काठावर ती फाटली, पुरण बटणावर सांडलं. लाल दिवा विझला.

"तुम्हीन काय मापं व्हतं?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"खापरनं तोंड."

"पोळी तोंडवर ऱ्हास का पोटवर?"

चुलीवर खापर पालथं घालतात आणि पोळी त्याच्या फुगीर पोटावर पसरतात. इतकी वर्षं समोर बसूनही हे छगनभाऊंच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

अनीसभाईंनी घाईने मोठा तवा लावला. त्यावर पोळी मावली, पण सपाट पत्र्यावर ताण बसेना, ती सुरकुतली. तिसरी चिकटली. फसलेल्या पोळ्या नोकरांनी खाल्ल्या. वासाने बसस्टँडवरची माणसं आत आली. चौथी पोळी फसावी म्हणून आता वीसेक जण मनापासून वाट पाहत होते.

"भाबी," अनीसभाई अदबीने म्हणाले, "यंत्र हारनं. हाई कला तेन्हा बसनी नही." मग त्यांनी वायर काढली, पाना घेतला आणि वरचा पत्राच उचकटला. खाली जाड कॉइल होती. "आंगार मन्ही, वर खापर तुमनं. लई जा."

दुसऱ्या दिवशी घरी कॉइल लाल झाली, खापर तापलं, आणि प्रमिलाबाईंनी पहिली पोळी हातांवर घेतली. उजेड पोळीतून आरपार आला. आत पुरण पिवळंधम्मक दिसत होतं, बोटांची सावलीसुद्धा. आजवर ही पोळी त्यांनी धुरातून, वाहत्या डोळ्यांनी, निव्वळ अंदाजाने केली होती.

"हाई मी करस?" त्या पुटपुटल्या. डोळ्यांत पाणी आलंच, पण धुराचा त्यात काही हात नव्हता. आपल्या हातांचं त्यांना फार नवल वाटलं.

पदराने डोळे टिपून त्यांनी समोर पाहिलं. स्वयंपाकघर लख्ख दिसत होतं. पलीकडे छगनभाऊ नेहमीप्रमाणे पोळ्या घडी करून टोपलीत ठेवत होते. एक घडी टोपलीत गेली, दुसरीही टोपलीत गेली, तिसरी तोंडात गेली.

"ओ! हाई काय करी ऱ्हायनात?"

छगनभाऊंनी घास शांतपणे गिळला.

"तीस वरीसपाइन करी ऱ्हायनू," ते म्हणाले. "तुले आज दिखनं."