सात रंगांची काच

माझ्या हाताइतका स्थिर हात या भूतलावर दुसरा नाही! चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. एकदा काटा बसवताना भूकंप झाला. शेवटी भूकंप थांबला, मी नाही!

म्हणून सूनबाईच्या प्रयोगशाळेतली मोटर ऐन पीएचडीच्या परीक्षेच्या दिवशी जळाली, तेव्हा मीच बाह्या सरसावल्या.

सूनबाईचं संशोधन विषाणूंवर. घाबरू नका, हे फक्त बॅक्टेरियांच्या जिवावर उठतात, आपल्या वाटेला जात नाहीत. तिनं त्यांची जनुकं बदलून नवा वाण काढलाय. त्यांच्या पाण्यात काच बुडवायची आणि गोगलगायही कंटाळेल इतकी हळू वर ओढायची, हेच त्या मोटरचं काम. मग ते काडीसारखे विषाणू काचेवर दाटीवाटीनं ओळीत बसतात आणि त्या थराला रंग चढतो. कसली वाफ लागली की थर फुगतो, रंग बदलतो. थोडक्यात, वास बघणारी काच! परीक्षकांना अशी एक निळी काच दाखवायची होती. नाही दाखवली, तर पाच वर्षांची मेहनत पाण्यात.

"बाबा, हा स्क्रू दोन तास एकाच वेगानं फिरवायचा. वेग बदलला की रंग बदलतो. जमेल ना?"

"अगं, मला विचारतेस? जा, तुझी तयारी कर!"

दोन तासांनी ती परतली आणि किंचाळलीच. काचेवर निळा होता, पण हिरवा, पिवळा, तांबडा, सगळे पाहुणे घेऊन आला होता! सात पट्टे!

"बाबा, झोपला होतात?"

"छे! डोळे मिटून लक्ष देत होतो."

तेवढ्यात तिघे परीक्षक दारात हजर. दुसरी काच करायला वेळ कुठला? तिनं देवाचं नाव घेऊन तीच पुढे केली. मोठ्या परीक्षकांनी स्पिरिटची बाटली उघडली, दोन पट्टे बदलले. थिनरची उघडली, भलतेच तीन बदलले!

"अद्भुत!" ते ओरडले. "निळी काच नुसती वाफ आहे एवढंच सांगते. ही कसली वाफ तेही सांगते! कसं केलंत?"

सूनबाई तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "आमची खास पद्धत आहे!"

"मग आत्ता पुन्हा करून दाखवा. एकदा घडलं तर तो अपघात. दोनदा घडलं तर पदवी."

सूनबाईनं माझ्याकडे असं पाहिलं, की माझाही रंग बदलला असावा.

बसलो. सहा डोळे माझ्यावर रोखलेले. अशात झोप कुठली? दोन तास पापणी लवली नाही. काच बाहेर आली, एकदम निळी! मघाशी मिळाली असती तर सोनं झालं असतं.

"पट्टे कुठे गेले?" मोठे परीक्षक गरजले.

सूनबाईनं सुस्कारा सोडला. "सर, खरं सांगते. बाबांना जेवल्यावर डुलक्या लागतात. प्रत्येक डुलकीत हात मंदावतो. तेच ते पट्टे."

मला वाटलं, संपलं सगळं. पण मोठे परीक्षक शास्त्रज्ञ खरे! "मग झोपवा त्यांना!" म्हणाले. "पडदे ओढा! आजोबा, उशी देऊ?"

आता उशी दिल्यावर कोणाला झोप येते हो? मी आकडे मोजले, जांभया उसन्या आणल्या, एक डोळा मिटला की दुसरा उघडे! सूनबाई रडकुंडीला आली. अखेर माझी करमणूक व्हावी म्हणून मोठे परीक्षक शेजारी बसले आणि स्वतःच्या संशोधनाबद्दल बोलू लागले...

मला जाग आली तेव्हा काचेवर सातही पट्टे हजर होते. उरलेले दोन परीक्षक एकमेकांच्या खांद्यावर घोरत होते.

सूनबाईला पदवी मिळाली! प्रबंधात माझंही नाव येणार, म्हणून मी चष्मा पुसून आभाराचं पान उघडलं. तिथं नाही. शेवटी सापडलो साहित्याच्या यादीत: काचपट्ट्या बारा, चिमटे दोन, सासरे एक.

पुढे बारीक अक्षरात सूचना: 'जेवण झाल्यावरच वापरावेत.'