बाकावरचा अनंत

एकतीस वर्षांपूर्वी पाठारे सरांच्या गणितातून एक अनंत बाहेर आला आणि संशोधन संस्थेच्या पहिल्या मजल्यावर, वाचनालयासमोरच्या बाकावर बसला. तो अजून तिथंच होता.

गणितातून अनंत निघणं यात विशेष काही नाही. कणांच्या क्षेत्र सिद्धांतात डोकं घालणाऱ्यांच्या हातून महिन्याला एखादा तरी निघतोच. एका कणाचं चुंबकत्व किती, एवढा साधा प्रश्न. पण तो कण इथून तिथं जाताना वाटेत काय काय करू शकेल, कोणाकोणाला भेटेल, त्या साऱ्या शक्यतांची चित्रं काढावी लागतात, प्रत्येक चित्राची किंमत काढून बेरीज करावी लागते, आणि बेरीज हाताबाहेर जाते. संस्थेची पद्धत ठरलेली आहे. अनंत निघाला की अधीक्षक इंगवल्यांना कळवायचं. ते येऊन फरशीवर खडूनं रेषा मारतात. रेषेच्या अलीकडचा अनंत बघायचा, पलीकडे बघायचं नाही. मग विरुद्ध चिन्हाचा दुसरा अनंत शोधून आणायचा, दोघांना समोरासमोर उभं करायचं आणि शेवटी रेषा पुसायची. पुसल्यावरही जे उरतं ते उत्तर.

पाठारे सरांच्या अनंताला जोड मिळाली नव्हती. रेषेच्या अलीकडे तो साधारण एका थोराड माणसाएवढा होता आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात. व्हरांडा अरुंद, येणारे-जाणारे "जरा जाऊ द्या" म्हणायचे आणि तो पाय आत घ्यायचा. सर रोज दुपारी त्याच्या शेजारी बसून डबा खायचे. निवृत्त झाल्यावरही खायचे. आता सर ब्याऐंशी वर्षांचे होते, नजर गेल्यामुळे त्यांना वाचता येत नव्हतं, आणि शनिवारी त्यांची मुलगी त्यांना कायमची नागपूरला नेणार होती.

शर्वाणी घोरपडे ही सरांची शेवटची विद्यार्थिनी. अकरा वर्षं तिनं जोड शोधण्यात घालवली होती. सातशे चाळीस चित्रं. दोन वर्षांपूर्वी तिनं एक अनंत आणलाही होता. पण कण बंद वळसा घालून परत येतो तेव्हा त्या वळशाला एक उणे चिन्ह द्यावं लागतं, ते एका चित्रात द्यायचं राहिलं. या कामात पडलेल्या प्रत्येकाच्या हातून हे एकदा तरी होतं. तिचा अनंत त्याच चिन्हाचा निघाला. तो पहिल्याच्या शेजारी जाऊन बसला, दोघांची बेरीज झाली आणि तरीही बाकावर तेवढीच जागा भरली.

"मॅडम, एकूण वाढलेलं नाही," इंगवले म्हणाले होते. "मी नोंद कसली करू?"

त्या दिवशी शर्वाणी कागद पोटाशी धरून रडली. नियमाप्रमाणे संधी तीन. पहिली सरांची पूर्वीच गेली होती, दुसरी तिची गेली. तिसऱ्या संधीत रेषा पुसल्यावर काही उरलं नाही, तर सिद्धांत बंद करायचा आणि बाक खाली अडगळीत न्यायचा.

शुक्रवारी दुपारी ती नवा अनंत घेऊन आली. दोघा शिपायांनी सरांना डब्यासकट खुर्चीत बसवून वर आणलं. इंगवल्यांनी कपाटातून मोहोरबंद पाकीट काढलं. प्रयोग करणाऱ्यांनी त्या कणाचं चुंबकत्व आठ वर्षांपूर्वीच मोजलं होतं, पण गणित करणाऱ्याला ते माप आधी दाखवत नाहीत. दाखवलं तर हात नकळत तिकडे वळतो.

"वळसे मोजलेस?" सरांनी विचारलं.

"तीनदा मोजले, सर."

"आणि उणे?"

"प्रत्येकाला दिलंय."

सर बाकावर आपल्या नेहमीच्या जागी बसले. "याच्यापायी माझं आयुष्य वाया गेलं म्हणतात लोक," ते शेजाऱ्याकडे बघत म्हणाले. "काहीतरीच. चांगली सोबत झाली." मग अनंत उठला आणि नव्यासमोर जाऊन उभा राहिला.

इंगवले ओलं फडकं घेऊन गुडघ्यांवर बसले. "पुसू?"

"थांबा," शर्वाणी म्हणाली. रेषा राहिली तर सर निदान आशेवर तरी नागपूरला जातील, असं तिच्या मनात आलं.

"अगं, रेषा आपण मारलेली," सर म्हणाले. "निसर्गाला तिचा पत्ताही नाही. पुसा हो."

इंगवल्यांनी पुसली, आणि पलीकडे बघायची मनाई राहिली नाही. भिंत होती तिथंच होती, बागेतला शिरीष होता, टेकडी होती. आणि त्या सगळ्यांतून, कशालाही धक्का न लावता, ते दोघे पसरत गेले होते आणि कुठंच संपत नव्हते. शर्वाणीला भीती वाटली नाही. एवढ्याशा खडूनं आपण एवढं अडवून धरलं होतं, याचंच तिला नवल वाटलं आणि तिचा ऊर भरून आला. शिपायांनी हात जोडले. ज्या सरांना समोरचं अक्षर दिसत नव्हतं, ते दूरवर बघत होते.

मग ते दोघे आवाज न करता एकमेकांत शिरले. बाकाच्या फळीवर एक आकडा उरला, सुपारीएवढा. शर्वाणीनं तो उचलला. कोमट होता.

"उरलाय, सर."

सरांनी मान हलवली. इंगवल्यांनी पाकीट फोडून एकेक अंक वाचायला सुरुवात केली, शर्वाणी मुठीतला आकडा बघून "हो" म्हणत गेली आणि सर बोटांवर मोजत राहिले. नऊ अंक जुळले.

"दहावा सात," इंगवले म्हणाले.

"आपला चार."

"म्हणजे चुकलं?"

शर्वाणीनं कागद चाळले, पाकिटातला तक्ता पुन्हा वाचला. "नाही. त्यांच्या मापात एवढी चूक बसत नाही. आपल्या गणितातही नाही."

"ओळखीच्या सगळ्या कणांची चित्रं काढलीस ना?" सरांनी हळूच विचारलं.

"सगळ्यांची."

"मग वाटेत त्याला आणखी कोणीतरी भेटतंय. आपल्या ओळखीत नसलेलं." सर तिच्याकडे वळले. "मुलीला फोन लाव. म्हणावं, तिकीट रद्द कर."

इंगवल्यांनी नोंदवही उघडली. "उत्तर उरलं, ते लिहितो. पण बाक आता मोकळा झालाय. खाली न्यायचा का?"

सरांनी डबा उचलून मांडीवर घेतला आणि थोडे सरकून शेजारी जागा केली.

इंगवल्यांनी वही मिटली, खडू खिशात टाकला आणि ते कार्यालयाकडे निघाले. बाकासमोरून जाताना सवयीनं "जरा जाऊ द्या" म्हणाले, आणि सरांच्या शेजारी कोणीतरी पाय आत घेतले.