मुकं जेवण

कावेरीबाईंनी भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. चातुर्मासाचा नेम होता. ताटावर बसलं की हात धुईपर्यंत शब्द काढायचा नाही, ताटात कण टाकायचा नाही. दरवर्षी त्या काही ना काही धरायच्या, पण यंदाचं मागणं मोठं होतं. धाकटा भाऊ करोनानं नेला होता. आणि इकडे साठीचे, शुगरवाले यजमान अर्जुनराव लसीची सुई घ्यायला तयार नव्हते. त्यांना तेवढी बुद्धी व्हावी, बाकी देवाला काही मागणं नव्हतं.

अर्जुनरावांचं म्हणणं एकच. सुई घेतली की गड्याचा वंश बुडतो. हे त्यांना पारावरच्या भुजंगानं सांगितलं होतं, आणि भुजंगाला मोबाइलनं. सरकारी दवाखान्याची आशाताई राजकन्या लसीसाठी तीन खेपा घालून गेली. चौथ्या खेपेला म्हणाली, "काका, तुमचा वंश कवाच झाला की. हरिओम नोकरीला लागला. आता तुम्हाला काय भेव?"

"म्हणून काय झालं? गडी हाय मी अजून," अर्जुनराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले. गावातले सगळे बाप्ये त्यांच्या तोंडाकडं बघायचे. ते नाही म्हणाले की गाव नाही.

कावेरीबाईंनी दुसरा घास उचलला तोच अर्जुनराव तरातरा आत आले. मागं भुजंग.

झालं होतं असं. पारावर बसल्या बसल्या अर्जुनरावांच्या मोबाइलवर मेसेज आला. चष्मा घरी, म्हणून भुजंगानं तो साऱ्या पाराला ऐकू जाईल असा वाचला. हरिओमच्या दुसऱ्या डोसची वेळ झाली होती. विष्णुपुरीच्या कॉलेजात नोकरी करणाऱ्या पोरानं चैत्रातच पहिली सुई घेऊन टाकली होती, आणि नोंदणीत नंबर बापाचा दिला होता. रेशनपासून गॅसपर्यंत घरातल्या दर कागदावर बापाचाच नंबर द्यायची त्यांच्याकडे रीत होती.

"तुला ठावं होतं का हे?" अर्जुनरावांनी विचारलं.

कावेरीबाई गप्प. घास तोंडात.

"बघ, बोलून न्हाई राहिली. म्हंजे ठावं होतं." अर्जुनराव उंबऱ्यावरच बसले. "बुडालो रं भुजंगा. तीन वर्सं झाली पोराच्या लग्नाला, पाळणा न्हाई. आता काय हलतंय."

"दादा, माझ्या पाच लेकरांतलं एक घ्या मांडीवर," भुजंग म्हणाला. "मधलं द्यायला लावतो मी बायकोला. खायाला जरा जास्त लागतं त्याला, एवढंच."

तेवढ्यात शेजारची सिद्धम्मा आली. म्हातारी देगलूरकडची, रडायला पटाईत. काय झालं हे न विचारताच तिनं सूर लावला आणि मग विचारलं.

कावेरीबाईंनी डाव्या हातानं माजघराच्या दाराकडं बोट दाखवलं. दाराआड सून वर्षाराणी पदर तोंडाला लावून उभी होती. तिला दुसरा महिना लागला होता. तिसरा लागेपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही, हे कावेरीबाईंनीच तिला बजावलं होतं. सासू बोलत नाही, तर आपण मामंजींसमोर कसं बोलावं? ती आणखी आत सरकली.

मग कावेरीबाईंनी डावा हात छातीशी धरून लेकरू जोजवल्यागत हलवला.

"बघा माय," सिद्धम्मा म्हणाली, "नातू मांडीवर घ्यायची हौस होती बिचारीला."

अर्जुनरावांनी तोवर देगलूरला व्याह्यांना फोन लावला. "व्यंकटराव, तुमच्या लेकीचं वाटोळं केलं आम्ही." सगळं ऐकून व्याही एवढंच म्हणाले, "निघालो. पोरगी आजच माघारी घेऊन जातो."

ताटात अजून भाकर होती, अंबाडीची भाजी होती. उठावं तर नेम मोडतो. नेम मोडला तर नवऱ्याच्या सुईचं मागणं गेलं. आणि न उठावं तर सून चालली. जन्मभर बत्तीस वेळा चावून खाणाऱ्या कावेरीबाईंनी त्या दिवशी चार घासांत भाकर संपवली. शेवटच्याला असा ठसका लागला की डोळ्यांना पाणी आलं.

"दुःख गिळून राहिली माय," सिद्धम्मा म्हणाली.

कावेरीबाईंनी ताट पुसून खाल्लं, हात धुतले, चूळ भरली, देवाला हात जोडले. मग नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, "सुनेला दिवस गेलेत. दुसरा महिना हाय. सुई घेतली चैत्रात, अन् पोट राहिलं आखाडात. व्याह्यांना फोन करा. म्हणावं, येताना पेढे आणा."

सिद्धम्मानं रडका सूर तसाच हसण्याकडं वळवला. सर्वांत आधी भुजंगाचं डोकं चाललं.

"म्हंजे तीन वर्सं काही न्हाई, अन् सुई घेतल्यावर लगेच?" तो अर्जुनरावांकडं बघत राहिला. "दादा, ह्या सुईतच दम हाय."

दुसऱ्या दिवशी शाळेत लसीचं शिबिर होतं, तिथं सूर्य वर यायच्या आत रांग लागली. राजकन्या घसा कोरडा करून सांगत होती, "आरं बाबांनो, सुईनं लेकरू जात न्हाई अन् सुईनं येतबी न्हाई."

"खरं हाय तिचं," कावेरीबाईही बायकांच्या रांगेतून म्हणाल्या. "सुईनं फक्त जीव वाचतो."

"वहिनी बोलणारच तसं, दृष्ट लागू नये म्हणून," कोणीतरी म्हणालं, आणि रांग तसूभर हलली नाही. हलला तो एकटा भुजंग. पाचांवर सहावं नको म्हणून मागच्या मागं निघाला होता. त्याच्या बायकोनं त्याला दंडाला धरून परत उभा केला.

पहिला नंबर अर्जुनरावांचा. नर्सबाईनं सुई टोचली तेव्हा त्यांनी डोळेसुद्धा मिटले नाहीत. दंडावर कापूस दाबून ते खुर्चीवरच बसून राहिले.

"उठा काका, झालं," राजकन्या म्हणाली. "दुसरी चौऱ्याऐंशी दिसांनी."

"तेवढं कोण थांबतंय, बाई," अर्जुनराव दुसरी बाही वर सारत म्हणाले. "हाय मी आता इथंच, तर तीबी आजच देऊन टाक."

बायकांच्या रांगेत कावेरीबाईंनी हसू लपवायला पदर तोंडाला लावला. मग डोळे पुसायलाही तोच घेतला.