पोटॅशियमचा एकोणिसावा मणी

माणसांना जागेवर बसवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. उभी हयात सिनेमा थिएटरवर डोअरकीपर म्हणून काढली आहे. अंधारात, नुसत्या टॉर्चवर, भांडणाऱ्या दोन कुटुंबांनासुद्धा मी शेजारीशेजारी बसवलेलं आहे. तिथे मण्यांची काय कथा?

मणी मुलीचे होते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने फळीवर तारेची वर्तुळं ठोकून दोन अणू केले होते, एक पोटॅशियम, एक क्लोरिन. वर्तुळांवर मणी ओवले होते, ते इलेक्ट्रॉन. शाळेचं सगळं तिची आई बघायची. आई गेल्यापासून मुलगी मला काही विचारत नव्हती. जेवण वाढायची, "हं" म्हणायची आणि आपल्या टेबलाशी जायची. या वेळी मात्र म्हणाली, "बाबा, तार वाकवून द्याल?" मी दिली. वाकवताना तिने सांगितलं, "पहिल्या वर्तुळात दोन मावतात, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात अठरापर्यंत."

एवढं मला पुरलं.

प्रदर्शनाच्या सकाळी ती अंघोळीला गेली आणि मी फळी नीट पाहिली. पोटॅशियमच्या तिसऱ्या वर्तुळात आठच मणी, आणि एक बिचारा चौथ्या वर्तुळावर एकटा. आत दहा जागा रिकाम्या असताना! मला ते बघवेना. मी त्याला आत घेतला आणि डिंकाने पक्का केला. चौथं वर्तुळ रिकामं पडलं, ते उपटलं. क्लोरिनच्या शेवटच्या वर्तुळात सातच होते, मध्ये खिंडार. डबीतला एक मणी घालून तेही भरलं. दोघांच्या मधून एक सुटी तार उगाच लोंबत होती, ती कापली.

माझी मेहुणी चहा घेऊन आली. "भावोजी, तिला विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात? बघ की, कसं दिसतंय."

"भरल्यासारखं दिसतंय खरं," ती म्हणाली. तिलाही त्यातलं माझ्याइतकंच कळत होतं.

मग फळीला कापड गुंडाळून मीच ती शाळेत नेली. मुलीने कापड काढलं ते थेट विज्ञानाच्या बाई समोर उभ्या राहिल्यावर.

"हा पोटॅशियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन," ती म्हणाली, "या तारेवरून क्लोरिनकडे..." आणि थांबली. तार नव्हती. इलेक्ट्रॉनही नव्हता.

"हे कोणी केलं?" बाईंनी विचारलं.

"मी," मी म्हणालो. "आत जागा असताना एकाला बाहेर ताटकळत ठेवलं होतं."

"अहो, पोटॅशियमच्या तिसऱ्या कवचात आठ झाले की पुढचा चौथ्यातच जातो. त्याला तिथे कमी ऊर्जा लागते."

"पण एकटा?"

"एकटाच असतो तो, बाबा," मुलगी म्हणाली. "म्हणून तर सहज निघून जातो."

तिचे डोळे भरले होते. बाई पुढच्या टेबलाकडे वळणार, इतक्यात मुलीने फळ्याजवळचा खडू उचलला आणि जमिनीवर वर्तुळं काढायला लागली. "बाई, एक मिनिट. बाबा, तुम्ही या. चौथ्या वर्तुळावर उभे राहा."

क्लोरिनच्या शेवटच्या वर्तुळावर तिने सात पालक उभे केले.

"साहेब, जरा सरकून घ्या," मी त्यातल्या एका जाड गृहस्थांना म्हणालो.

"बाबा, इलेक्ट्रॉन बोलत नाहीत."

मी पुन्हा वर्तुळावर ताठ उभा राहिलो.

"आता जा तिकडे."

मी गेलो. सातांनी मला जागा दिली.

"आता पोटॅशियमच्या शेवटच्या कवचात आठ उरले, आणि क्लोरिनचेही आठ झाले. दोघंही स्थिर," ती म्हणाली. बाई मान हलवत होत्या. काम झालं असं समजून मी परत निघालो.

"कुठे निघालात?" ती ओरडली. "तुम्हाला देऊन टाकलंय!"

सगळे हसले. तीही हसली. घरात ते हसू बरेच महिने ऐकलं नव्हतं, म्हणून मी मुद्दाम आणखी एकदा निघालो.

बक्षीस दुसऱ्याच कोणाच्या ज्वालामुखीला गेलं. फळी काखेत घेऊन घरी येताना मी भीतभीत विचारलं, "पुढच्या वेळी मदत करू का?"

तिने माझ्या काखेतली फळी काढून आपल्याकडे घेतली.

"करा," ती म्हणाली.

सध्या लोहचुंबकाचं काहीतरी चाललं आहे. मी तिच्या टेबलाशेजारीच बसतो, दोन्ही हातांची घडी घालून. तशी अटच आहे.