बेनीच्या बाजूचे परबकाका

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डॉक्टर डोळ्यांत थेंब घालायला वाकले, तेव्हा परबकाकांनी त्यांचं मनगट धरलं आणि विचारलं, "डॉक्टर, बेनी की दत्ता?"

डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते. त्यांना वाटलं, काका डोळ्यात बसवायच्या लेन्सच्या कंपन्यांबद्दल विचारतायत. ते म्हणाले, "दोन्ही चांगल्या आहेत, काका. तुमच्या मेडिक्लेममध्ये कुठली बसते ते बघू."

"दोन्ही चांगले म्हणणारा माणूस मला चालत नाही," असं म्हणून काका उठून बसले. शेजारीण म्हणून मी सोबत गेले होते. नर्सने आणि मी मिळून त्यांना परत आडवं केलं. शेवटी डॉक्टर वैतागून "बेनी" म्हणाले, काका "बरं" म्हणाले, आणि डोळा एकदाचा डॉक्टरांच्या ताब्यात आला.

परबकाका डिलाईल रोडवरच्या आमच्या इमारतीत माझ्या समोरच्या दारात राहतात. इथे आता टॉवर आहे. पूर्वी चाळ होती तेव्हाही ते इथेच होते. गोदीतल्या एका ऑफिसात कारकुनी करून रिटायर झाले. उंची बेताची, पोट बेताहून जास्त. त्यांनी आयुष्यात एकदाही बास्केटबॉल खेळलेला नाही, आणि त्यांच्याशी बास्केटबॉलखेरीज दुसऱ्या विषयावर पाच मिनिटांच्या वर कुणी बोललेलं नाही.

बेनी आणि दत्ता हे दोन बास्केटबॉल खेळाडू. गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळातले. बेनी माझगावचा, ताडासारखा उंच. दत्ता आमच्या डिलाईल रोडचा, बुटका आणि चपळ. दोघं वेगवेगळ्या कंपन्यांच्या टीममधून एकमेकांविरुद्ध खेळायचे आणि दोन्हीकडची पोरं ओरडून घसा बसवून घरी जायची. त्यांचा खेळ कुठे टीव्हीवर आला नाही, की त्यांचे फोटो कुठे लागले नाहीत. ज्यांनी पाहिला त्यांच्या डोक्यात तो राहिला, आणि ती डोकीही आता विरळ झालीत.

काकांची बाजू बेनीची. हे विशेष. कारण आमच्या रस्त्यावर कबड्डी सोडून दुसरा खेळ कुणाला ठाऊक नव्हता, त्यात दत्ताने वेगळं नाव काढलेलं. अख्खी चाळ दत्ताची आणि एकटे परब बेनीचे. जुनी माणसं त्यांना अजून 'गद्दार' म्हणून हाक मारतात. काका "ओ" देतात.

जगातली सगळी माणसं त्यांनी दोन खात्यांत वाटून टाकली आहेत. जो स्वतः उडी मारून काम उरकतो तो बेनी. जो दुसऱ्याच्या हातात बॉल देतो तो दत्ता. आमचे सोसायटीचे सेक्रेटरी दत्ता, वॉचमन बेनी. माझ्या नवऱ्याचा त्यांनी बरीच वर्षं अभ्यास केला आणि एक दिवस मला लिफ्टपाशी गाठून हळूच सांगितलं, "राखीव खेळाडू आहे गो. वाईट नाही. पण बाकावरचा."

कुणी दत्ताची बाजू घेतली की काकांचं ठरलेलं वाक्य यायचं, "हात नको बघू, पाय बघ पाय!" आणि मग ते पाय दाखवायचे. एकदा दादरच्या भाजीबाजारात त्यांनी एक कोबीचा गड्डा उचलला, पाठ वळवली, एका पायावर गर्रकन फिरले आणि तो दोन्ही हातांनी थेट वरच्या ताडपत्रीच्या दिशेने सोडला. गड्डा खाली टोमॅटोवर आला. भाजीवाली म्हणाली, "काका, हा बेनी ना? परवा पण दाखवलात." आणि तिने तोच गड्डा त्यांच्या पिशवीत टाकला.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा, चप्पल काढायच्या आत, मलाही तो प्रश्न आला. यातलं एकच नाव मला ओळखीचं वाटलं, म्हणून मी म्हटलं, "दत्ता." काका तडक घरात गेले. दुसऱ्या मिनिटाला परबकाकू बाहेर आल्या, माझा हात धरून म्हणाल्या, "शहाणी आहेस," आणि संध्याकाळी ताटभर घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार घेऊन हजर झाल्या. काकू दत्ताच्या. तेव्हापासून मीही दत्ताची, खाल्लेल्या घावण्यांना जागून.

काकू स्वतः माझगावच्या. म्हणजे माझगावची बाई डिलाईल रोडच्या दत्तासाठी भांडायची आणि डिलाईल रोडचा बाप्या माझगावच्या बेनीसाठी. हे भांडण रोज, भाजी चिरताना सुरू व्हायचं. दोन्ही दारं उघडी असायची, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू यायचं.

"तुमचा बेनी काय, झाडाचा आंबा काढावा तसा खेळायचा. त्यात कसली अक्कल?"

"आणि तुझा दत्ता? मांजरासारखा इकडून तिकडे. बॉल टाकायची वेळ आली की दुसऱ्याला द्यायचा. घाबरट."

"घाबरट? अहो, चार जणांना नाचवून पाचव्याला द्यायचा तो! खेळ पाच जणांचा असतो."

"मग पाच जणांना विचार कोण मोठा ते. मला कशाला विचारतेस?"

"मी विचारलंच नाही! तुम्हीच सुरू केलंत!"

मग कढईवर डाव आपटल्याचा आवाज. मग काका, खालच्या पट्टीत, "तरी बेनीचे पाय..." आणि परत सगळं पहिल्यापासून. माझ्या मुली या भांडणाच्या आवाजात पाढे पाठ करून मोठ्या झाल्या. एकदा काकूंना ताप होता म्हणून दोन दिवस समोर शांत होतं, तर धाकटी विचारायला लागली की परबआजोबा कुठे गेलेत का.

काकू गेल्या त्याला आता बराच काळ झाला. फार आजारी नव्हत्या. सकाळी चक्कर आली, दुपारपर्यंत सगळं आटोपलं. मुलगा दुबईहून आला, दिवस झाल्यावर परत गेला. काकांना चल म्हणाला होता. काका म्हणाले, तिथे कुणाला दत्ता माहीत आहे?

मला वाटलं होतं आता तो विषय बंद पडेल. उलट वाढला. भेटायला आलेल्या माणसांना, कुरियरवाल्याला, गॅसवाल्याला, बँकेतल्या बाईला, काका सगळ्यांना विचारू लागले. आणि लोक वाईट वागले असं अजिबात नाही. फारच चांगले वागले. एकट्या म्हाताऱ्या माणसाशी कोण वाद घालणार? काय उत्तर आवडतं ते इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. प्रश्न पुरा व्हायच्या आत सगळे म्हणायचे, "बेनी, काका. बेनीच!" ज्यांनी त्यांना जन्मभर गद्दार म्हटलं ते म्हातारेही खाली बाकावर बसून म्हणायला लागले, "परब, तू म्हणत होतास ते खरं. बेनीच मोठा."

काका "बरं" म्हणायचे आणि घरी यायचे. त्यांचं जेवण कमी झालं. कोबीही उचलेनासे झाले. मी एकदा मुद्दाम म्हटलं, "मी दत्ताची आहे हं." तर माझ्याकडे बघून म्हणाले, "का?" मी काकूंचं वाक्य म्हणायला गेले आणि मध्येच चुकले. ते म्हणाले, "राहू दे गो. तुझं पाठांतर नाही."

मग एके दिवशी दुपारी त्यांनी माझी बेल धरूनच ठेवली. दार उघडलं तर धापा टाकत उभे. पुतण्याकडे माहीमला गेले होते. तिथे औषधाच्या दुकानात नेहमीचा प्रश्न विचारला, तर दुकानदार म्हणाला, "बेनी? तो उंच म्हातारा? गुडघ्याच्या गोळ्या माझ्याकडूनच नेतो. मागच्या गल्लीत राहतो, बहिणीकडे."

"जिवंत आहेत," काका म्हणाले. "मनीषा, तू चल माझ्यासोबत. ते इंग्लिश बोलले तर मला सुधरायचं नाही."

शनिवारी आम्ही गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, हातात शाल आणि नारळ. जुनं कौलारू घर, पुढे ओटा. ओट्यावर अर्ध्या चड्डीतला एक लांबच लांब म्हातारा खुर्चीत बसून लसूण सोलत होता. गुडघे उंबराच्या खोडासारखे सुजलेले. त्याने आमच्याकडे बघितलं आणि आत ओरडला, "मेरी, इन्शुरन्सवाले आले!"

इंग्लिशचा प्रश्न तिथेच मिटला.

काका शाल आणि नारळ मांडीवर घेऊन ओट्याच्या कडेला टेकले. मीच सांगितलं की हे परब, तुमचा खेळ बघितलेले, तुमच्या बाजूचे. बेनीने लसणीचं ताट खाली ठेवलं. "माझ्या बाजूचे? डिलाईल रोडवरून? तिकडे तर मला दगड मारायचे, मॅन."

एवढ्याने काकांची गाडी सुरू झाली. कुठल्या मॅचमध्ये बेनी कसा वळला, कुठल्या कोपऱ्यातून बॉल कसा सोडला, सगळं सांगितलं. उठून, पाय करून दाखवलं. बेनी तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. मेरीबाई सरबत घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. काकांनी शाल घातली, नारळ दिला आणि म्हणाले, "दत्तापेक्षा तुम्ही मोठे. मी सगळ्यांना सांगत आलो."

बेनी हसला. "नाय रे बाबा. दत्ता म्हणजे दत्ता. मी काय, उंच होतो. देवाने हात लांब दिले, वर केले की बॉल आत. दत्ताला देवाने काय दिलं नव्हतं, तरी तो मला नाचवायचा. मी रात्री झोपेत पण त्याला अडवायचा आणि झोपेत पण तो सुटायचा. तो मोठा, मॅन. मी नाय."

काका उभेच होते. त्यांचे कान लाल झाले. "तुम्हाला काय कळतंय यातलं?" ते म्हणाले.

"मला?" बेनी म्हणाला. "मी खेळत होतो!"

"खेळत होतात म्हणूनच! तुम्हाला तुमचे पाय दिसत होते का? मी बघत होतो बाहेरून!"

"दत्ता पास द्यायचा तेव्हा बॉलकडे बघायचा पण नाय! तुला दिसलं ते?"

"घाबरट होता म्हणून द्यायचा!"

"घाबरट? दत्ता?" बेनी खुर्चीचे हात धरून, गुडघे विसरून, उभा राहिला. काकांचं डोकं त्याच्या छातीला लागत होतं. मेरीबाईंनी सरबताचा ट्रे माझ्या हातात दिला आणि दोघांच्या मध्ये गेल्या. मी काकांना दंडाला धरून गल्लीत आणलं. शाल मागे ओट्यावर पडली होती.

बस स्टॉपवर बाकावर बसलो. काकांनी दोन बस सोडल्या.

मग म्हणाले, "ती जिंकली गो."

मी विचारलं, "कोण, काकू?"

"मला पहिल्यापासून ठाऊक होतं. दत्ताच मोठा. कुणीही सांगेल. मी दत्ताचाच होतो. आमच्या पोरांबरोबर त्याच्यासाठी ओरडायला माझगावला जायचो. कोर्टाच्या बाजूला एक इमारत होती, तिच्या जिन्यात ही उभी असायची. एकदा मी धाडस करून जवळ उभा राहिलो. ती म्हणाली, तुमचा दत्ता काय भारी खेळतो. आता मी हो म्हटलं असतं तर बोलणं संपलं असतं. पुढे काय बोलणार होतो मी? म्हणून म्हटलं, छे, तुमच्या बेनीपुढे काहीच नाही. तर ती भडकली. मॅच संपली तरी खाली उतरून भांडत होती. मला आयुष्यात कुणी एवढं बोललं नव्हतं."

"आणि मग?"

"मग काय. बेनीला धरून राहिलो. सोडला असता तर ती गप्प झाली असती."

"मग आज त्या माणसाशी कशाला भांडलात? तो तर काकूंचंच म्हणत होता."

काका रस्त्याकडे बघत म्हणाले, "म्हणूनच." थोड्या वेळाने म्हणाले, "तिची सगळी वाक्यं बोलला तो. नाचवायचा म्हणाला. त्याला कुणी सांगितलेलं नाही. तरी बोलला." मग बस आली आणि ते चढायच्या घाईत पुढे गेले. घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

पुढच्या शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून काका दारात उभे. मी विचारलं, कुठे? तर म्हणाले, "माहीमला. त्या माणसाला स्वतःचा खेळ कळलेला नाही. कुणीतरी समजवायला हवं." या वेळी मला बोलावलं नाही.

त्यानंतर ते दर शनिवारी जातात. गेल्या आठवड्यात मला मेरीबाईंचा फोन आला. माझा नंबर त्यांनी काकांकडून घेतला होता. म्हणाल्या, "ते तुमचे परब येतात, दोघं फार ओरडतात. काल शेजारचे बघायला आले की मारामारी झाली काय."

मी म्हटलं, "मी काकांना सांगते. येणं थोडं कमी करा म्हणते."

"नको, नको!" त्या घाईने म्हणाल्या. "त्यासाठी नाय केला फोन. पुढच्या शनिवारी आमच्याकडे पाहुणे आहेत, तर त्यांना म्हणा, त्या आठवड्यात रविवारी या. चुकवू नका म्हणा." मग म्हणाल्या, "बेनी आधी फक्त चर्चला जायचं असलं की दाढी करायचा. आता शनिवारची पण करतो."