अख्खी रांग एका नळीत

तपासणीची किट कमी आणि तापलेली माणसं जास्त, ही अडचण सरकारी दवाखान्याने मोठ्या कल्पकतेने सोडवली होती. पाच जणांच्या नाकातले नमुने एकाच नळीत मिसळायचे. नळी स्वच्छ निघाली तर पाचही जण स्वच्छ. बाधित निघाली तर प्रत्येकाची वेगळी तपासणी करायची. पण तेवढी किट नसल्यामुळे पाचही जणांना आजारी मानायचं.

रांगेतल्या एका आईच्या कडेवरचं बाळ तव्यासारखं तापलं होतं आणि रिपोर्टशिवाय बालविभागात घेत नव्हते.

"गट तुमचा तुम्हीच जमवा," खिडकीमागचा तंत्रज्ञ म्हणाला. "नंतर आमच्या नावाने बोंब नको."

त्यामुळे रांगेत स्थळ बघावं तशी चौकशी चालली होती. रात्री खोकता का? घरात कुणाला ताप? तिनेही एका खोकणाऱ्या आजोबांकडे पाठ फिरवली आणि धडधाकट चौघांकडे बघून गोड हसली. चौघांनी बाळाकडे पाहिलं.

"वाईट वाटून घेऊ नका ताई," त्यांतली एक म्हणाली, "पण आम्हाला उद्या कामावर जायचंय."

शेवटी उरले ती, बाळ आणि आजोबा. तेवढ्यांची नळी नियमात बसेना. तिने तक्रार केली. दवाखान्याच्या साहेबांनी तत्काळ दखल घेतली आणि भेदभाव मिटवण्यासाठी अख्खी रांग एकाच नळीत घालायचा आदेश काढला.

"साहेब, एवढ्यांत मिसळल्यावर विषाणू सापडायचाच नाही," तंत्रज्ञ चाचरला.

"बरंच की. सापडला तर ठेवणार कुठे?"

सापडला नाही. सगळे निरोगी ठरले.

बालविभागातल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला, बाळाच्या कपाळाला हात लावला आणि हात पुसला. "याला काही झालेलं नाही. इथे फक्त आजारी मुलांना घेतात."

"अहो, डोळे उघडत नाहीये तो."

"रिपोर्ट निगेटिव्ह आहे, मी काय करू? फेरतपासणी मागा. मात्र नळी सगळ्यांची, तेव्हा संमतीही सगळ्यांची लागेल."

ती धावत फाटकाशी आली. माणसं एकमेकांचं अभिनंदन करत होती. तिने हात जोडून संमती मागितली.

"एका पोरापायी आम्हा सगळ्यांना आजारी पाडणार का?" मघाचीच बाई म्हणाली. आजोबांनी खोकला गिळला आणि मान दुसरीकडे वळवली.

तुम्ही तिथे असता तर नक्कीच हो म्हणाला असता. आजोबांनाही घटकाभर तसंच वाटलं होतं.